जीटीके आपलं कोण लागतं?

लॅबमधल्या लिनक्सवर आपण रोज जीटीके वापरतो, पण ते आलं कुठून? १९९५ च्या सुमारास बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आधी मोटिफ वापरलं, पण ते पडलं विकतचं. मग मॅटिसने बटणं, मेनू, खिडक्या काढणारं स्वतःचंच टूलकिट लिहिलं. तेच जीटीके. म्हणजे आपल्यासारख्याच पोरांचं काम! आज त्यावर अख्खा ग्नोम डेस्कटॉप उभा आहे.

आणि आपण? प्रोजेक्टसाठी फुकट घेतो, अडलं की शिव्या घालतो. "आपल्याला कुठे एवढं सी येतं?" हे ठरलेलं उत्तर. अरे, पण सी कशाला हवं? बग दिसला तर व्हर्जन कुठलं, काय केल्यावर येतो, पुन्हा येतो का, एवढं नीट लिहून कळवलं तरी दुरुस्त करणाऱ्याचे तास वाचतात. मेनूंमधली मराठीसुद्धा कुणीतरी बसून लिहिलेली असते. मी कॉन्व्हेंटवाली, माझ्या मराठीला घरी सगळे हसतात. तरी एक शब्द मलाही खटकला आणि मी सुधारून पाठवला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू!

काही जण म्हणतात, याला टर्मवर्कचे मार्क ठेवा. मला नाही पटत. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी लोकांनी फालतू बदलांचा पाऊस पाडला, शेवटी नियम बदलावे लागले. मार्कांपायी आपणही तेच करू. त्यापेक्षा शनिवारी प्रॅक्टिकलनंतर लॅब दोन तास उघडी ठेवा आणि पहिला रिपोर्ट सीनियर्सनी शेजारी बसून लिहून घ्यावा. मी येते.