‘काही झाले नाही’ म्हणणारा जखमी

देहूरोड हे लष्करी छावणीचे गाव. त्यातून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कामाच्या वेळी दुचाक्यांची रीघ असते. तेथे घसरून पडलेला माणूस कपडे झटकून उठतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो आणि भोवतालचे लोक हुश्श करून पांगतात. काळजीला खरा आरंभ याच क्षणी व्हावयास हवा.

कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते व त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. हाडाला तडा गेल्यास ती फाटते आणि रक्त हाड व आवरण यांच्यामध्ये साचू लागते. आरंभी दाब कमी असल्याने जखमी बोलतो, चहाही घेतो. पुढे डोके अधिकाधिक ठणकते, वारंवार उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. तोवर घरच्यांनी ‘दमला आहे, झोपू द्या’ म्हणून दिवा मालवलेला असतो! फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला शिरस्त्राणाविना फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करताना रमण लांबा यांच्या डोक्यावर चेंडू आदळला. ते मैदानाबाहेर चालत गेले. मग प्रकृती ढासळली आणि शस्त्रक्रिया होऊनही तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

‘एक्स-रे चांगला आला’ हे समाधानही फसवे आहे. त्यात हाड दिसते, रक्त दिसत नाही. रक्त दाखविते ते सीटी स्कॅन, आणि ते काही मिनिटांचे काम असते. प्रत्येक टेंगळासाठी स्कॅन करावे असे कोणी म्हणणार नाही; तथापि शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील, जखमी वृद्ध असेल वा रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर खर्चाकडे पाहून टाळाटाळ करणे परवडणारे नाही. वृद्धांमध्ये तर नीलांतून झिरपणारे रक्त कित्येक आठवड्यांनी त्रास देते आणि घरचे त्यास म्हातारचळ समजतात. तोंडाला दारूचा वास आला की गुंगीचे खापर दारूवर फोडण्याची रीतही तितकीच घातक.

जखमीला घरी धाडणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने ही लक्षणे व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी. तिला खर्च तो किती? मात्र ती त्याच्यासोबत रात्र जागणाऱ्याच्या हाती पडावी, जखमीच्या नव्हे. कारण आपली गुंगी वाढत आहे, हे ज्याला ती येते त्याला कळत नाही.