पाडस उचलू नका, आधी १९२६ लावा

कौंडण्यपूर, कुऱ्हा, तिवसा भागातल्या शेतकरी बंधूंनो, सोंगणीला जाणाऱ्या मायबहिणींनो,

सोयाबीनच्या तासात हरणाचं पाडस दिसलं तर कृपा करून त्याला हात लावू नका. मान टाकून, कान मागं पाडून ते मातीला चिकटून पडलेलं असतं. माणूस जवळ गेला तरी हलत नाही, म्हणून वाटतं, आजारी आहे, आईनं टाकून दिलं. तसं नसतं. जन्मल्यावर काही दिवस ते असंच दडून राहतं. आई लांबवर चरते आणि माणसं हटली की पाजायला येते. आपण दयेपोटी त्याला घरी आणतो आणि तिथंच ते खरं पोरकं होतं.

मग गाईचं दूध बाटलीनं. त्यानं हगवण लागते, नाहीतर घाईत पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. जगलंच तर माणसाला आणि गावातल्या कुत्र्यांना सरावतं. असं पाडस पुढं रानात सोडणं म्हणजे त्याला कुत्र्यांच्या तोंडी देणं. त्याला घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे.

त्यापेक्षा तेवढा तुकडा उभा ठेवा, उद्या सोंगा. आजच उचललं असेल तर वनरक्षकाला विचारून त्याच जागी ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई सहसा टाकत नाही.

रोही किंवा हरीण गाडीखाली जखमी झालं तर गोष्ट वेगळी. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा, नेमकी जागा सांगा. गर्दी पांगवा, फोटो काढू नका, तोंडात पाणी ओतू नका. शिंगं आणि लाथा सांभाळून जमलंच तर डोळ्यांवर दुपट्टा टाका. पकडापकडीच्या धसक्यानं हरणाचे स्नायू निकामी होतात. सोडल्यावर उड्या मारत गेलेलं जनावर दोन-चार दिवसांनी झुडपात मरून पडतं, आणि आपण मात्र त्याला वाचवलं असं समजतो.

बिबट पकडून लांब सोडा, असा आग्रहही धरू नका. जुन्नरकडचे बिबटे असे दुसऱ्या जंगलांत सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं आहे.

कार्तिकात रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपूरला, गाड्यांची रीघ लागेल. कुऱ्ह्याकडून रात्री येणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा. एक जनावर रस्ता ओलांडून गेलं की लगेच गाडी दामटू नये, मागून कळप येत असतो.