ययातीच्या घरची आतषबाजी

दिवाळी अंक हाती पडला की निम्मे वाचक आधी वार्षिक राशिभविष्याचे पान काढतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आभाळाची आठवण आपल्याला बहुधा स्वतःच्या काळजीपोटीच होते. पण या दिवसांत रात्री आठच्या सुमारास अंगणात येऊन ईशान्येकडे पाहावे. तेथे एक अख्खे घर उभे असते. पाच ताऱ्यांची, 'एम' या इंग्रजी अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा. तिच्या खाली ययाती. आणि उजव्या हाताला देवयानी. पाश्चात्त्यांनी येथे कॅसिओपिया, पर्सियस आणि अँड्रोमेडा पाहिले. मराठीने तेथे दोन बायका आणि त्यांचा दादला आणून बसवला!

दोन बायकांच्या घरात भडके उडायचेच. 1572 च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठेत एक नवा तारा पेटला. टायको ब्राहे याने त्याची बारकाईने नोंद केली. तो शुक्राशी स्पर्धा करी, भर दिवसाही दिसे, आणि सुमारे सोळा महिन्यांनी विझला. एका मेलेल्या ताऱ्याचा तो स्फोट होता. मग देवयानी कशी मागे राहील? 1885 च्या ऑगस्टमध्ये तिच्यातल्या धूसर ठिपक्यात एक तारा भडकला. तो ठिपका म्हणजे सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूरची दुसरी आकाशगंगाच आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

खुद्द ययातीची पाळी आली 1901 च्या फेब्रुवारीत. एडिंबरो येथील टी. डी. अँडरसन या हौशी निरीक्षकाने रात्री उशिरा निजायला जाता जाता सहज वर पाहिले, तो ययातीत एक तारा जास्त! दुर्बीण नाही, यंत्र नाही. दुसऱ्या दिवशी तो तारा ब्रह्महृदयाच्या तोडीचा झाला आणि मग हळूहळू मावळला. अशा ठिकाणी दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यांतला खुजा, दाट तारा जोडीदाराचे द्रव्य ओढून अंगावर साठवतो आणि साठा फार झाला की तो थर एकदम पेट घेतो. दुसऱ्याचे तारुण्य अंगावर चढवणाऱ्या राजाच्या नावाला हे शोभते. त्याच ययातीत आणखी एक तारा आहे. दर दोन दिवस एकवीस तासांनी तो म्हातारा होतो आणि काही तासांत पुन्हा तरुण. तो भडकत नाही. मंद जोडीदार आड आला की झाकोळतो, इतकेच.

या घरी पाहुणाही आला तो भडक्यासकटच. एडविन होम्स याने 1892 च्या नोव्हेंबरात एक धूमकेतू शोधला, तो देवयानीत. सुमारे सात वर्षांत एक फेरी करणारा हा गरीब प्राणी एरवी मोठ्या दुर्बिणीवाचून दिसत नाही. 24 ऑक्टोबर 2007 रोजी तो ययातीत असताना दोनच दिवसांत सुमारे पाच लाख पट तेजस्वी झाला. पोटात कोंडलेला वायू कवच फोडून बाहेर आला असावा, असे मानतात. त्या दिवाळीत तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मात्र या शेंडेनक्षत्राला डोळ्यांना दिसेल अशी शेंडीच नव्हती. धुक्याचा एक गोळा तेवढा!

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. वर्गात मोठ्या उत्साहाने ही बातमी सांगितली. आलापल्लीच्या बाजूचा एक विद्यार्थी म्हणाला, ''सर, बाबा दिवाळीपासूनच म्हणतात.'' पुढे त्याच्या गावी गेलो. वडील रानडुकरांपासून धान राखायला रोज जागलीवर जात. मी विचारले, तर सहज म्हणाले, ''तो पयले नव्हता जी. तेथं मोकळंच होतं.''

एडिंबरोच्या गृहस्थाला जे साधले तेच या माणसाला. नवे ओळखायला जुने पाठ असावे लागते. गोंड लोक सप्तर्षींतल्या चार ताऱ्यांना खाट म्हणतात आणि मागच्या तिघांना ती चोरायला आलेले चोर. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंड गावे फिरून हे आकाश लिहून ठेवले, हे फार बरे झाले. चंद्रपूर शहरावर आता वीज केंद्राचा आणि रस्त्यांचा उजेड आहे. जंगलाकाठी अंधार आहे, पण वाघाच्या भयाने रात्री बाहेर थांबणे जिवावरचे. उजेडाने तारे जातात, भयाने पाहणारा जातो. आणि पाहणारा गेला की नावेही जातात.

मी मराठी शिकवतो. आकाश हा माझा विषय नव्हे. पण शब्द राखणे हे माझे काम आहे. म्हणून दर दिवाळीला मुलांना एवढेच सांगतो: फटाके संपले, धूर निवळला की अंगणातूनच ययातीचे घर शोधा आणि घरातली माणसे मोजून ठेवा. त्यांपैकी एखाद्या रात्री एक जास्त भरेल.