ठाणे जिंकले, उद्दिष्ट हुकले : मऊरानीपुरचा धडा

मऊरानीपुर (झाशी) : रणांगणात यशस्वी ठरलेला लष्करी हस्तक्षेप राजकीयदृष्ट्या का फसतो, या प्रश्नाचे एक उत्तर बुंदेलखंडाच्या इतिहासात सापडते.

जून १८५७ मध्ये झाशीतील कंपनीची सत्ता कोसळली. जुलैमध्ये कमिशनर अर्स्किन यांनी जिल्ह्याचा कारभार तात्पुरता राणी लक्ष्मीबाईंकडे सोपविला. ही संधी साधून ओरछा संस्थानाचे दिवाण नथे खान यांनी झाशीच्या मुलुखावर स्वारी केली. मऊरानीपुर त्यांच्या हाती आले आणि झाशीला वेढा पडला. झाशीला कोणी वाली नाही, हे या स्वारीमागील गृहीतक होते. इंग्रजांकडे मागितलेली मदत न मिळाल्याने राणींनी स्वतः फौज उभारली, तोफा ओतविल्या. ओरछ्याला माघार घ्यावी लागली. जे राज्य गिळायचे होते, तेच या स्वारीने युद्धसज्ज केले.

याच बुंदेलखंडात १७२९ मध्ये थोरले बाजीराव आले, ते छत्रसालांच्या बोलावण्यावरून. मोहम्मद खान बंगशाचा वेढा उठविणे एवढेच उद्दिष्ट होते. पुढे मिळालेला राज्याचा हिस्सा छत्रसालांच्या संमतीचा होता. म्हणूनच मराठी सत्ता येथे रुजू शकली.

आधुनिक काळातही हाच फरक निर्णायक ठरला. २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार दोन सरकारांमध्ये झाला. शस्त्रे ज्यांनी ठेवायची, त्या ‘लिट्टे’ची त्यावर स्वाक्षरी नव्हती. भारतीय शांतिसेनेने ऑक्टोबरमध्ये जाफना घेतले, पण शांतता प्रस्थापित झाली नाही. सुमारे बाराशे जवान गमावून मार्च १९९० मध्ये सेना परतली. अफगाणिस्तानात अमेरिकेने २००१ मध्ये तालिबानची राजवट काही आठवड्यांत उलथविली. फेब्रुवारी २०२० मध्ये दोहा येथे तिने तालिबानशीच करार केला, तेव्हा काबूलचे सरकार त्यात पक्षकार नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये ते सरकार कोसळले.

सैन्य भूभाग ताब्यात घेऊ शकते, निर्णय लादू शकते; तो निर्णय स्थानिकांकडून मान्य करवून घेणे हे राजकारणाचे काम आहे. ज्यांच्या वर्तनावर उद्दिष्ट अवलंबून असते, त्यांनाच हिशेबाबाहेर ठेवले, तर विजयाची किंमत जवान आणि सामान्य नागरिक मोजतात. सैन्य पाठविण्यापूर्वीच सत्ताधाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे : ते परतल्यानंतर हा निर्णय कोण पाळणार आणि का?