कागद ठरवण्याआधी मूळ कलाकृती पाहा

चित्रांच्या प्रतिकृती छापून देणारे आपल्यापैकी बहुतेकजण गिऱ्हाइकाला पहिल्यांदा विचारतात, "ग्लॉसी देऊ की मॅट?" हा प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचाच नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्याचं उत्तर मूळ कलाकृतीच्या पृष्ठभागात असतं आणि ते वाचणं ही छापणाऱ्याची जबाबदारी आहे.

खानदेशातली आणि त्याच्या आसपासचीच उदाहरणं घेऊ. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रं कृष्णधवल आहेत. अशा छायाचित्राचा जीव सावल्यांत असतो. कापसाच्या मॅट कागदावर काळा तेवढा गडद उतरत नाही, आणि सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळून जातात. इथे बेरियम सल्फेटचा थर असलेला बरायटा कागदच हवा.

अजिंठा याच्या अगदी उलट. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावरची ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर, तो सुकल्यानंतर रंगवलेली आहेत. त्यांच्या रंगाला मुळात चकाकी नाही. काही जुन्या फोटोंत जी चमक दिसते ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकात जतनाच्या नावाखाली चढवलेल्या वार्निशची आणि लाखेची. ग्लॉसी कागदावर अजिंठा छापणारा नकळत तेच वार्निश पुन्हा चढवतो. तीनशे जीएसएमच्या आसपासचा, हलक्या पोताचा, शंभर टक्के कापसाचा मॅट कागद त्यासाठी योग्य.

आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात असतात तशा जुन्या हस्तलिखितांची प्रतिकृती करायची असेल, तर झगझगीत पांढरा कागद आधी बाजूला ठेवा. हातकागदाचा मोह मात्र आवरा. इंकजेटसाठी कोटिंग नसलेल्या हातकागदात शाई पसरते आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

प्रतिकृतीला आपण दुय्यम समजतो, ते अजिंठ्याच्या बाबतीत तरी खरं नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या कित्येक प्रतीही १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. मूळ भिंतींवरचे रंग तेव्हापासून आणखी झिजले आहेत. ज्या प्रती उरल्या, त्या आज पुरावा म्हणून पाहिल्या जातात. १८७९ साली वारलेल्या गिल यांची कबर भुसावळलाच आहे. त्यांच्या कामाचं महत्त्व ओळखायला आपल्या भागातल्या छापणाऱ्यांना दूर जायला नको.

म्हणून टिकाऊपणाशी तडजोड नको. लिग्निन नसलेला, आम्लमुक्त कागद आणि पिगमेंट शाई हे किमान. फसगत होते ती ऑप्टिकल ब्राइटनरमध्ये. ब्राइटनर घातलेला कागद दुकानात शुभ्र दिसतो. पण काही वर्षांत त्याचा परिणाम उतरतो, कागद पिवळसर पडतो आणि छापताना साधलेला रंगांचा तोल बिघडतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कोरा कागद धरा. निळसर-पांढरा झळाळला, तर त्यात ब्राइटनर आहे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकापेक्षा हा दिवा भरवशाचा.

राहिली आपली हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी होते, कागदाच्या कडा उचलल्या जातात आणि प्रिंटरचं हेड त्यांना घासतं. मग आपण पाण्याचा कूलर लावतो आणि त्याचा दमट झोत थेट कागदावर येतो, तेही वाईटच. छपाईच्या खोलीत आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांत राहील असं पाहा, आणि कागद आदल्या दिवशी पाकिटासकट त्याच खोलीत आणून ठेवा. छापण्याआधी मऊ ब्रशने पृष्ठभाग झाडा. कापसाचा सुटा तंतू शाई पडल्यावर निघाला, की तिथे पांढरा ठिपका कायमचा राहतो. प्रत्येक कागदाचं प्रोफाइल वेगळं असतं. एकाचं दुसऱ्याला चालवू नका.

एक विनंती. यापुढे जी प्रतिकृती दुकानाबाहेर जाईल, तिच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने कागदाचं नाव, शाईचा प्रकार आणि छपाईची तारीख लिहा. उद्या ती प्रत कुणाला तपासायची वा पुन्हा छापायची असेल, तर एवढी नोंद लागेलच.