खरेदीखत झाले म्हणजे जमीन विकली, असेच होते का?

सोयाबीनची रास झाली की पैसे हातात येतील, या हिशेबावर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील असंख्य शेतकरी कुटुंबांचे वर्ष चालते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने अनेकांचा हा हिशेब मोडला. पीककर्ज थकले की बँक नवे कर्ज देत नाही. दवाखाना, लग्न, बियाणे मात्र थांबत नाही. मग सावकार गाठला जातो. अशा व्यवहारात अनेकदा गहाणखताऐवजी थेट खरेदीखत मागितले जाते. ‘पैसे फेडा, जमीन परत नावावर करून देतो,’ एवढाच काय तो शब्द. याला ‘मुदत खरेदी’ म्हणतात.

सावकाराला खरेदीखतच का हवे असते?

गहाणखतात मालकी शेतकऱ्याकडे राहते आणि वसुलीसाठी सावकाराला कोर्टाची पायरी चढावी लागते. खरेदीखताची नोंदणी झाली की फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर सावकाराचे नाव लागते. शिवाय कागदावर व्याज कुठेच दिसत नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याला तारण घेऊन दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकाराला वर्षाला ९ टक्के, विनातारण कर्जावर १२ टक्के व्याजाची मर्यादा आहे. समजा, ५ लाख रुपये महिना ३ टक्क्यांनी घेतले. वर्षाचे व्याज १ लाख ८० हजार होते. कायद्याच्या दराने ते ४५ हजारच होईल.

जमीन परत देण्याची अट कुठे लिहिलेली असते?

बहुतेक वेळा साध्या बाँडपेपरवर, किंवा कुठेच नाही. इथेच घोटाळा होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये १९२९ साली दुरुस्ती झाली. परतीची अट त्याच खरेदीखतात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. त्यामुळे वेगळ्या कागदावरची अट घेऊन दिवाणी न्यायालयात गेलेल्या शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते.

मग दुसरा मार्ग आहे का?

आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ चे कलम १८. सावकारीतल्या कर्जाची हमी म्हणून जमीन सावकाराकडे गेल्याचा संशय असेल, तर सावकारीचे जिल्हा निबंधक, म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, व्यवहाराची चौकशी करू शकतात. अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतले व्यवहार यात येतात. दोन्ही बाजू ऐकून खरेदीखत अवैध ठरवता येते आणि जमिनीचा ताबा शेतकऱ्याला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा आदेश होऊ शकतो. त्याविरुद्ध विभागीय निबंधकांकडे एका महिन्यात अपील करता येते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

अडचण कुठे येते?

पुराव्यात. समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो, हे दिसावे लागते. नात्यातली एखादी हातउसनवार त्यात बसत नाही. जमिनीची किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी लावलेली असणे, खरेदीनंतरही शेत मूळ मालकच कसत असणे, दरमहा ठरावीक रक्कम दिल्याच्या बँक नोंदी, त्याच व्यक्तीच्या नावावर गावातली इतर खरेदीखते, या गोष्टी कर्जाकडे बोट दाखवतात. व्याज रोखीने दिले आणि चिठ्ठीही ठेवली नाही, तर यातले फारसे काही हाती उरत नाही. कोरा धनादेश आणि सही केलेली कोरी वचनचिठ्ठी तर उलट शेतकऱ्याविरुद्धच वापरली जाऊ शकते.

खरी विक्री करणाऱ्यांचे काय?

हे कलम खऱ्या विक्रीसाठी नाही. जमीन विकल्यावर भाव वाढला म्हणून ती परत मागता येत नाही. मात्र सावकाराकडून पुढे जमीन किंवा प्लॉट घेणाऱ्याने केवळ सातबाऱ्यावरचे नाव पाहून थांबू नये. आधीचे खरेदीखत, त्यातली किंमत आणि शेत प्रत्यक्षात कोण कसते, हेही तपासावे. सातबारा जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती विकली गेली की अडकली, हे तो सांगत नाही.