पराभव आणि ख्रिस्ती श्रद्धा

महिला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान परतवून लावले आणि सामना संपताच येशूचे आभार मानले. खेळाडूने आपल्या देवाचे स्मरण करावे यात वावगे काहीच नाही. विचार करण्याजोगा प्रश्न पुढचा आहे. विजय देवाच्या कृपेने मिळाला असेल, तर पराभव कोणाच्या पदरी घालावयाचा?

हा प्रश्न केवळ नामवंतांचा नाही. खानदेशात ख्रिस्ती समाज संख्येने अल्प आहे. बोदवडसारख्या गावी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत उतरणारा या समाजातील एखादा मुलगाही प्रार्थना करूनच मैदानात पाऊल टाकतो. तो हरल्यावर ‘विश्वास कमी पडला’ असे वडीलधाऱ्यांनी म्हटले, तर त्याचा खेळ आणि श्रद्धा या दोहोंनाही एकदम तडा जाण्याचा संभव असतो. वस्तुतः जेमिमाला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून वगळण्यात आले होते, आणि त्या काळात आपण जवळजवळ दररोज रडत होतो, असे तिनेच सांगितले. तिची श्रद्धा त्या दिवसांतही होतीच.

या संदर्भात सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या विजय हजारे यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मावरून पाडलेले असत आणि ख्रिस्ती खेळाडू ‘रेस्ट’ संघातून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध रेस्टच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके झळकावली, तेव्हाही भारताच्या वाट्याला डावाचा पराभवच आला. या पराभवांनी हजाऱ्यांच्या कामगिरीचे मोल उणावले असे कोणीही म्हणणार नाही. मैदानावरील निकाल हा धर्माच्या खरेखोटेपणाचा कौल मानला, तर मात्र ‘रेस्ट’च्या हरण्यातून भलताच अर्थ निघेल. धर्माच्या नावाने चालणारी ही स्पर्धा अखेर १९४६ नंतर बंद पडली, हे योग्यच झाले.

करिंथकरांना लिहिताना पौलाने धावण्याच्या शर्यतीचाच दाखला दिला आहे. धावतात सगळे, बक्षीस मात्र एकालाच मिळते. आणि ज्या मुकुटासाठी ही धाव असते तोही कोमेजणारा असतो, असा त्याचा आशय. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी वधस्तंभ आहे, त्याला जगाच्या दृष्टीने झालेला पराभव परका असण्याचे कारण नाही.

अर्थात यातून पराभवाचे गोडवे गाण्याची सवय लागता कामा नये. ‘देवाची इच्छा’ म्हणून सरावातील कुचराई झाकणे हीदेखील श्रद्धेची विटंबनाच होय. कोठे चुकले हे पाहणे, प्रतिस्पर्ध्याचे मोकळेपणाने अभिनंदन करणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदान गाठणे, एवढे खेळाडूच्या हाती असते. चर्चने आणि पालकांनी जिंकून आलेल्या मुलासाठी आभाराची प्रार्थना जरूर करावी. पण हरून आलेल्या मुलासाठीही तितक्याच मोकळ्या मनाने ती केली जाते की नाही, यावरच त्या श्रद्धेची खरी पारख होईल.